दादा लेणीत काय करतो

रविवार, १ डिसेंबर

दादा रोज सकाळी उठून कुठे जातो ते आज कळले. आगाशिवाच्या डोंगरातल्या लेणीत. हे कळल्यावर मला बरे वाटायला हवे होते, कारण आईला तो दारूला लागल्याची भीती होती. पण बरे वाटले नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. कोणी वाचणार नाही, तरी नीट लिहितो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दिग्विजय. तोफखान्यात नायक आहे. दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला आहे. शिराळ्याच्या क्रांतीशी त्याचे लग्न ठरले आहे आणि सव्वीस तारखेला साखरपुडा आहे. मी वीरधवल, पण घरात सगळे धवलच म्हणतात. बारावी अर्धी सोडली, भरतीत छाती कमी भरली, आता कराडात पप्पूच्या फ्लेक्सच्या दुकानात बसतो.

दादा पूर्वी असा नव्हता. सुट्टीवर आला की पारावर मध्यरात्रीपर्यंत गप्पा मारायचा, नकला करायचा. या खेपेला काही बोलतच नाही. विचारले तर हसतो आणि मान हलवतो. चार माणसे जमली की उठून जातो. मित्रांनी मागून हाका मारल्या तरी सरळ चालत राहतो. ते म्हणतात, दंडावर नायकाची फीत लागली तसा माज आला.

आज मी त्याच्या मागे अंतर ठेवून डोंगर चढलो. साखर कारखान्याचा गोडसर वास पार वरपर्यंत येत होता. एके ठिकाणी माझा पाय घसरला, धोंडा गडगडत खाली गेला आणि मी चांगलाच ओरडलो. दादा माझ्यापुढे फार तर दहा-बारा हात असेल. त्याने वळून पाहिले नाही. माणूस किती आत बुडाला असेल!

वर लेणीत वाडीतल्या बायका पांढरी पातळे नेसून बुद्धवंदना म्हणत होत्या. दादा त्यांच्या मागे भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसला. बाहेर चपला ओळीने लावलेल्या होत्या. लहानपणी आम्ही हरवलेल्या शेळ्या शोधायला इथे यायचो, चपलांसकट आत नाचायचो आणि पांडवांनी एका रात्रीत हे खोदले असे एकमेकांना सांगायचो. आज मला उंबऱ्याशी उभे राहतानाही लाज वाटली. आत जायचे तर कसे जायचे, हात जोडायचे की कसे, काही माहीत नाही. तसाच परत आलो.

बुधवार, ४ डिसेंबर

आईने दादाला सांगितले, "तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर रं," आणि ती गोठ्यात गेली. दादा ओट्याला टेकून मोबाईल बघत उभा होता. डाळ करपून वास सुटला तेव्हा मी धावत आलो. कुकर त्याच्या कोपराजवळ होता. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या असणार.

आई म्हणाली, "ध्यान कुठं हाय तुझं? त्या पोरीत का?" दादा हसला आणि मान हलवली.

त्याचे ध्यान क्रांतीत नाही. ते कुठे आहे ते मला आता दिसू लागले आहे, आणि मला त्याची भीती वाटते.

घरात तो फक्त आबांना उत्तर देतो. आबा म्हणजे आमचे वडील, रिटायर सुभेदार, तेही तोफखान्यातलेच. ते मीठ मागितले तरी परेड घेतल्यासारखे ओरडून मागतात. "दिग्विजय! जेवलास का?" म्हटले की दादा ताबडतोब "व्हय आबा" म्हणतो. मी तेच हळू आणि प्रेमाने विचारले तर उत्तर नाही. या घरात ओरडणाऱ्यालाच मान आहे.

रविवार, ८ डिसेंबर

आज आत गेलो. आईने नारळ, कापूर आणि हळदकुंकवाची पुडी दिली होती. "देव कुठलाबी असू दे, हात हलवत जाऊ नये," असे तिचे म्हणणे.

मी दगडी स्तूपासमोर गेलो आणि नारळ फोडायला जागा शोधू लागलो. तेवढ्यात मागून आवाज आला, "आवं आवं, पावणं! हितं न्हाई फोडायचा."

त्या हरणाबाई. अंगणवाडीतून रिटायर झाल्या आहेत, आवाज अजून पोरे गोळा करायचा आहे. मला इतके ओशाळल्यासारखे झाले की नारळ पाठीमागे लपवला.

"चुकलं मावशी," मी म्हणालो. "आमी आलं तर चालतंय का?"

"डोंगर काय माज्या बानं खोदलाय व्हय? या की. चपला काढल्या, झालं. फूल असंल तर ठेवा, नसंल तर हात जोडा. हात न्हाई जोडले तरी कोण मारत न्हाई. फकस्त गोंधळ घालायचा न्हाई, आन् भित्तीवर नाव लिवायचं न्हाई."

शेवटचे वाक्य ऐकून मी खाली पाहिले, कारण बाहेरच्या खोलीत लाल ऑइल पेंटने लिहिलेले 'बाळासो' हे आमच्या काकाचे नाव आहे. 'ळा' पण धड काढलेला नाही.

"नारळ घेऊन जा घरी आन् चटणी करा," हरणाबाई म्हणाल्या. बायका हसल्या. मीही हसलो.

मग सगळ्या बसल्या. मी दादाशेजारी बसलो. त्याने मला पाहिले आणि नुसती मान हलवली, जणू मी रोजच येतो. वंदना सुरू झाली. ती दगडी खोली इतकी घुमते की कोण म्हणते आणि कोण ऐकते ते कळत नाही. दादाने पाठ भिंतीला घट्ट लावली, दोन्ही तळवेही भिंतीवर ठेवले आणि डोळे मिटले. त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागले. मी दादाला कधीही रडताना पाहिलेले नाही, आजी गेली तेव्हाही नाही.

हे सुट्टीवर आलेल्या माणसाचे लक्षण नाही. दादा घर सोडणार आहे. तो भिक्खू होणार.

बुधवार, ११ डिसेंबर

बाळासो काका आज दारातच सुरू झाला. "सुभेदाराचा पोरगा त्या लोकांच्यात जाऊन बसतोय, म्हाईत हाय का? साखरपुडा तोंडावर आलाय. शिराळ्याला कळलं तर?"

आबा गरजले, "लेणी हाय ती! दारूचा गुत्ता न्हाई! बसू दे!"

काकाचा आवाज खाली आला. मग त्याने सांगितले की मागच्या हप्त्यात त्याने दादाला मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत पाहिले. दादा म्हणाला, पलटणीतल्या मित्राच्या वडिलांना बघायला आलो. काकाला ते पटले नाही. मला पटले. ज्याला आता आजारी आणि म्हातारी माणसे दिसू लागली आहेत, तो आणखी कुठे जाणार?

दुकानात पप्पूला सांगितले. तो म्हणाला, "गड्या, होऊ दे की. आपण फ्लेक्स करू. 'दिग्विजयदादा यांची भिक्खूपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' फोटो टोपीसकट का बिनटोपीचा तेवढं विचार."

मी त्याच्याशी दिवसभर बोललो नाही. संध्याकाळी एका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'शुभेच्छूक' दीर्घ गेले होते ते मी छापायच्या आधी ऱ्हस्व केले. पप्पू म्हणतो, लोक फोटो बघतात, वेलांटी-उकार कोणी बघत नाही. मी बघतो. निदान तेवढे तरी मला दुरुस्त करता येते.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज क्रांतीने मला फोन केला. दुकानाबाहेर येऊन घेतला. ती शिराळ्याला एका पतसंस्थेत नोकरी करते, नीट विचार करून बोलते.

म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? रागवू नका. तुमचे दादा फोनवर माझ्याशी बोलतच नाहीत. मी काहीही विचारलं तरी हो, हो म्हणतात. परवा मी विचारलं, साखरपुड्याला कुठल्या रंगाची साडी घेऊ? तर हो म्हणाले. आणि ठेवला की लगेच मेसेज. तो मात्र एवढा लांब! इतकं छान लिहितात. मग बोलायलाच काय होतं? माझ्या आवाजात काही आहे का?"

मी काय उत्तर द्यायचे? खोटे बोलणे मला जमत नाही, आणि एका मुलीचे आयुष्य फसवणुकीने बांधले जात आहे हे मला दिसत असून गप्प राहणे हेही खोटेच. मी तिला लेणीचे सांगितले. रोज जातो, भिंतीला टेकून बसतो, रडतो, माणसांत नको म्हणतो. मला काय वाटते तेही सांगितले.

तिने सगळे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्यांनी तसं म्हटलंय का तुम्हाला?"

"नाही. पण दिसतंय."

"बरं," ती म्हणाली.

मी बरोबर केले का? प्रत्येक शब्द खरा होता.

रविवार, १५ डिसेंबर

आज पौर्णिमा. लेणीत गर्दी होती, सांगलीकडूनही माणसे आली होती. वंदना संपल्यावर सगळे खाली खिरीला गेले. दादा बाजूच्या एका लहान खोलीत गेला. तिथे भिक्खूंना झोपायला दगडातच कोरलेला ओटा आहे. त्यावर तो भिंतीकडे तोंड करून बसला.

मी चपला काढून त्याच्या मागे दाराशी बसलो. समोर बसायचा धीर झाला नाही. पाठीशी बोलणे सोपे असते.

मी म्हणालो, "दादा, जायचं आसंल तर जा, पण आदी घरात सांग. तू गेलास की आबांच्याफुडं मी एकटा पडतो. त्यांना मी पोरगा वाटतच न्हाई. भरतीतनं परत आलो तवा ते जेवले न्हाईत, तुला म्हाईत हाय? तू तवा पत्र लिवलं हुतंस, म्हणालास धवलला शिकवा. त्ये पत्र मी आजून ठेवलंय. मला तुज्यासारखं व्हायचं न्हवतं, मला फकस्त तू पायजे." अजूनही बरेच बोललो. क्रांतीचेही सांगितले.

दादाची पाठ हलली नाही. मान नाही, खांदा नाही.

मी थांबलो. बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवून पोरांना बोलावत होते. मग दादा उठायला म्हणून वळला आणि मला पाहून दचकला. "आरं! तू कवा आलास?"

एवढे सगळे ऐकून हा प्रश्न. मी खाली उतरलो. खीर खाल्ली नाही. राग नाही आला. ज्याने माया तोडली त्याच्यावर राग काय करायचा?

बुधवार, १८ डिसेंबर

लग्न मोडले.

क्रांतीच्या चुलत्याचा आबांना फोन आला. फोन कानाला असूनही आबा स्पीकर लावतात, त्यामुळे सगळ्या आळीने ऐकले. "आमची पोरगी साधूला द्यायची न्हाई. राग मानू नगा."

आई चुलीपुढे बसून राहिली. मला वाटले, आबा आज दादाला सोडत नाहीत. पण ते उठले, दादा बसला होता त्याच्या अगदी समोर जाऊन उकिडवे बसले, गुडघ्याच्या दुखण्याकडे लक्ष न देता, आणि त्याच्या तोंडाकडे बघत एकेक शब्द म्हणाले, "शिराळ्याचं. मोडलं."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. "ठीक हाय आबा," म्हणाला.

"ठीक हाय," आबा म्हणाले आणि उठले. कारण त्यांनी विचारले नाही. मला हे काही समजत नाही. एरवी चहात साखर जास्त झाली तरी ते चौकशी लावतात.

शुक्रवार, २० डिसेंबर

दादा स्वतःहून दुकानात आला. मला बाहेर घेऊन गेला, रसाच्या गुऱ्हाळापाशी समोरासमोर बसवले.

"क्रांतीनं मेसेज केलाय. तू तिला सांगितलंस?"

"व्हय."

"काय सांगितलंस? माज्याकडं बघून बोल."

मी त्याच्याकडे बघून सगळे सांगितले. भिक्खूचे सांगितले तेव्हा त्याचे तोंड आधी उघडेच राहिले, मग तो हसायला लागला. इतका मोठ्याने की गुऱ्हाळवाला बघू लागला. या खेपेला पहिल्यांदा तो असा हसला. "भिक्खू! आरं लेका, मला मटणाबिगर बुधवार काढवत न्हाई, आन् भिक्खू!"

"मग लेणीत कशाला जातोस?"

तो हसायचा थांबला. माझ्या ओठांकडे पाहत राहिला. काहीतरी सांगणार होता, मला दिसले ते. मग त्याने रसाचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "भिक्खूच बरं हाय. लोकांला तसंच वाटू दे."

"मी क्रांतीला फोन करून सांगतो, माझं चुकलं."

"न्हाई. आजिबात न्हाई. शप्पत हाय तुला."

म्हणजे मी चुकीचे सांगून लग्न मोडले, आणि बरोबर सांगायची मला बंदी आहे. बरोबर काय तेही मला माहीत नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

दादा गेला.

कराड स्टेशनवर आम्ही तिघेच होतो. आई घरी राहिली, ती स्टेशनवर येत नाही. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार असे भोंग्यावर पुकारले. सगळी माणसे बोचकी उचलून पुलाकडे पळाली. दादा होता तिथेच उभा, रुळांकडे बघत. मी दंडाला धरून ओढले तेव्हा तो धावला. त्याला जायचेच नव्हते का?

आबांनी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि तोंड त्याच्या तोंडाजवळ नेले. "तोफेच्या उजव्या अंगाला उभं ऱ्हायाचं न्हाई!" एवढेच म्हणाले. जाणाऱ्या पोराला बाप हे सांगतो! माझ्याशी दादा बोलला नाही, फक्त केस विस्कटले.

त्याची पुढची पोस्टिंग वर बर्फात आहे. फोन लागला तर लागला.

रविवार, १२ जानेवारी

आज एकटाच लेणीत गेलो. फुले घेतली होती. हरणाबाईंना सांगायचे होते की दादा गेला, आणि त्याला बसू दिलेत त्याबद्दल आभार.

त्या झाडून घेत होत्या. म्हणाल्या, "गेला व्हय? आन् कानाचं काय म्हणाला मिरजंचा डाक्टर?"

मी म्हणालो, "कुठल्या कानाचं?"

त्यांनी झाडू थांबवला. "आरं, तुला म्हाईत न्हाई? घरचा न्हवं तू?"

मग त्यांनी सांगितले. पहिल्याच दिवशी दादा त्यांच्यापुढे येऊन बसला. म्हणाला, मावशी, मला उजव्या कानानं काही ऐकू येत नाही आणि डाव्याचं चाललंय. तोफेजवळ झालं. तुमी सगळ्या मिळून म्हणता तेव्हा या भिंतीला पाठ लावली की ते अंगात येतं. बसू का?

"म्या म्हटलं, बस की बाबा. बायांना सांगितलं, जरा दम लावून म्हणा गं. म्हणून तर एवढ्या वरडत हुतो आमी."

मी तिथेच पायरीवर बसलो. कुकर. क्रांतीची साडी. डोंगरात घसरलेला माझा पाय. त्या दगडी खोलीत मी त्याच्या पाठीशी बोललो ते सगळे. एकेक गोष्ट उलटी होऊन समोर येत होती, आणि त्या सगळ्या मी स्वतःच्या हाताने, शुद्ध लिहून ठेवल्या आहेत.

"मावशी," मी म्हणालो, "त्यो तुमाला सांगतो आन् आमाला न्हाई?"

त्या म्हणाल्या, "आमी काय त्याची नोकरी घालवणार हुतो का लगीन मोडणार हुतो?"

त्यांनी ते मला लागावे म्हणून म्हटले नव्हते. शिराळ्याचे त्यांना माहीत नाही.

खाली उतरून दादाला फोन लावला. मग लक्षात आले आणि कापला. मेसेज लिहिला: "दादा, हरणाबाईंकडून कळले. तू परत ये." दुपारी उत्तर आले: "हवालदारकीच्या बढतीचं होईपर्यंत गप्प राहा. आबांना कळता कामा नये. ते मरतील. शपथ."

सोमवार, १३ जानेवारी

शपथ मोडली. मला झोप लागली नाही आणि सकाळी भोगीची भाकरी गिळेना. आबा उसाला पाणी सोडत होते, तिथे गेलो. त्यांना मोठ्याने सांगायचे तर शेजारच्या रानात ऐकू जाईल, म्हणून अगदी जवळ जाऊन हळू सांगितले.

ते म्हणाले, "ह्या बाजूनं सांग," आणि डावा कान पुढे केला.

मी पुन्हा सांगितले. आबांनी फावडे खाली ठेवले नाही.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "आला त्याच दिवशी कळलं. म्या मागनं हाक मारली."

आबा पुढे बोलत राहिले. त्यांचा उजवा कान त्यांच्या तिसऱ्या की चौथ्या फायरिंगलाच गेला. आईलाही माहीत नाही. मेडिकलला डॉक्टर मागे उभा राहून हळू आकडे म्हणतो, आणि समोर उभा असलेला जोडीदार बोटांनी खुणावतो. आबांना कोणीतरी खुणावले, आबांनी दुसऱ्याला खुणावले. अशीच त्यांची सगळी सर्व्हिस झाली.

"मग त्येला जाऊ का दिलंसा?" मी विचारले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो.

"त्येनं सांगितलं असतं तर ठिवून घेतला असता. त्येनं सांगितलं न्हाई."

"तुमी विचारायचं!"

"आन् म्या विचारल्यावर त्यो काय म्हणाला असता? ठीक हाय आबा." पाणी दुसऱ्या सरीत वळत होते, ते त्यांनी बांध घालून अडवले. "माझा एक गेला हुता. दुसऱ्यावर निभावलं. त्येचं दोन्ही चाललंय, ह्ये म्हाईत न्हवतं."

"मग आता पलटणीतल्या साहेबांना कळवा. तुमच्या वळखीचं आसंल कुणीतरी."

"बापानं मागनं कळवलं, म्हणून पोराची मेडिकल कॅटेगरी पडली, बढती गेली. परत त्यो माजं तोंड बघंल?" मग ते माझ्याकडे वळले. "मला म्हाईत हाय ह्ये त्येला सांगू नगंस. त्येला वाटू दे, आबांला कळलं न्हाई. तेवढ्यावर त्यो उभा हाय."

म्हणजे दादाने सांगितले, आबांना कळू देऊ नको. आबांनी सांगितले, दादाला कळू देऊ नको. दोघांनाही माहीत आहे, आणि दोघांच्या मध्ये मी एकटा ऐकू येणारा.

बुधवार, १५ जानेवारी

क्रांतीचा नंबर काढला. पुन्हा ठेवून दिला.

दादाला मेसेज केला, "जेवलास का?" एकच टिक आहे.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी मी चप्पल घालत होतो तेव्हा आबा कोट घालून अंगणात उभे होते. "चल," म्हणाले. कुठे ते बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

डोंगर चढायला त्यांना फार वेळ लागला. गुडघ्यांमुळे तीनदा बसले, पण हात धरू दिला नाही. लेणीच्या दाराशी ते थांबले. आधी पायांकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"मोजे?" ते गरजले.

"ऱ्हायले तरी चालत्यात," हरणाबाई आतून म्हणाल्या. "या सुभेदार. आज वाट चुकलासा?"

"बघायला आलोय!"

तो आवाज आतल्या भिंतींवर आपटून परत आमच्या अंगावर आला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"हळू बोला की," हरणाबाई म्हणाल्या. "हितं घुमतंय लय."

आबा वरमले. मग त्यांनी आवाज खाली आणला. मी त्यांचा खालचा आवाज कधी ऐकला नव्हता. तो म्हाताऱ्या माणसाचा आहे.

"त्यो कुठं बसायचा?" त्यांनी विचारले.

हरणाबाईंनी जागा दाखवली. आबा भिंत धरून खाली बसले, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसतात तसे. मी शेजारी बसलो. वंदना सुरू झाली. मी भिंतीला पाठ लावली, पण मला कानांनीच ऐकू येत होते. म्हणून दोन्ही कानांत बोटे घातली. मग पाठीत काहीतरी आले. दळण दळताना जात्याला हात लावला की येते तसे. थोडे होते. दादाला एवढ्यावर रडू आले.

डोळे उघडले तर आबा माझ्याकडे बघत होते. त्यांनी हळूहळू स्वतःचे हात उचलले आणि तेही कानांवर ठेवले, आणि पाठ मागे टेकली.

बायका गेल्यावरही ते उठले नाहीत. ऊन दारातून आत आले होते.

"धवल," ते त्या नव्या आवाजात म्हणाले, "त्येला लिव."

मी मोबाईल काढला. "काय लिहू?"

ते विचार करत राहिले. मी वाट पाहिली. त्यांनी दोनदा तोंड उघडले. बाहेर हरणाबाई चपला पायात सरकवत होत्या, त्यांनी आत डोकावून पाहिले आणि निघून गेल्या.

"लिव की," आबा म्हणाले, "थंडी हाय का."

मी लिहिले. आबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि मग पाठव म्हणाले.